केळी रावेरची, भाव बऱ्हाणपूरचा, बिल डॉलरचं

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका तरुण केळी निर्यातदाराचा आहे. थोडक्यात असा: "घरची आणि गावातल्या इतरांची मिळून वर्षाला चाळीसेक कंटेनर केळी दुबई, ओमान, इराककडे जातात. आपली अर्थव्यवस्था जगातल्या पहिल्या पाचांत आली म्हणतात. मग आमचं बिल अजून डॉलरमध्येच का निघतं? वाढत्या देशाला आपलं चलन बाहेर चालवायचं असेल तर नेमकं काय करावं लागतं? आणि मी उद्यापासून रुपयात बिल काढलं तर?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. आत्ता काढू नका. का ते शेवटी हिशेबासकट सांगतो.

मी एका बँकेच्या परकीय चलन विभागात २९ वर्षं काढली. निम्म्याहून जास्त मुंबईच्या डीलिंग रूममध्ये, बाकी जळगावात. आता निवृत्त आहे, पण निर्यातदारांची कागदं अजून घरी येतात. हा प्रश्न दर हंगामाला कुणीतरी विचारतंच आणि बहुतेक वेळा त्यामागे थोडा अभिमान, थोडा राग असतो. दोन्ही बाजूला ठेवून बघू.

सुरुवात तुमच्याच अंगणातून करतो. केळीची लागवड रावेर-यावलच्या पट्ट्यात. पण सकाळी तुमचे वडील फोन लावून पहिला भाव विचारतात तो बऱ्हाणपूरचा. राज्य वेगळं, बाजार समिती वेगळी, तरी सौद्याला बसलं की बऱ्हाणपूर निघतंच. का? तिथे रोज लिलाव होतो, बाहेरगावचे व्यापारी हजर असतात, कसलाही माल कधीही नेला तरी घेणारा मिळतो. सगळे तिथे बघतात म्हणून सगळे तिथे बघतात. उद्या रावेरची केळी दुप्पट झाली म्हणून हा मान आपोआप रावेरला येणार नाही. डॉलरचं जगात तेच आहे. भारत-ब्राझील सौदा असो की केनिया-चीन, भाव आधी डॉलरमध्ये बोलला जातो. चलनबाजाराची २०२२ सालची जागतिक पाहणी बघितली तर १०० सौद्यांपैकी ८८ सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. रुपया होता दोनहून कमी सौद्यांत.

आता एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सावद्याजवळच्या एका पॅकहाऊसवर गेलो होतो. बायका घडाच्या फण्या सोडवत होत्या, चीक जावा म्हणून फण्या तुरटीच्या पाण्याच्या टाकीत पडत होत्या, पुढे पुसून, वजन करून १३ किलोच्या पेटीत. बाहेर कंटेनर १३ अंशांवर गुरगुरत उभा. दुबईच्या खरेदीदाराचा माणूस आला होता, मूळचा केरळचा, हातात थर्मामीटर. गरम फणीत तो खुपसून बघत होता. चहा घेताना मी त्याला सहज विचारलं, रुपयात बिल दिलं तर चालेल का? तो म्हणाला, "देने को मैं तैयार हूँ साहब, लेकिन मेरे पास रुपया आएगा कहाँ से?"

एवढ्या एका वाक्यात सगळा विषय आहे. त्याचा शेठ दुबईत किराणावाल्यांना केळी विकतो, गल्ल्यात दिरहम येतात. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला. म्हणजे डॉलरचं बिल त्याच्यासाठी जवळपास घरच्याच पैशातलं बिल. रुपयाचं बिल आलं तर त्याला आधी रुपये विकत घ्यावे लागतात, आणि ऑर्डर दिल्यापासून पैसे भरेपर्यंत दर कुठे जाईल ती धाकधूक त्याची. आणि समजा उलट झालं, त्याच्याकडे रुपये साचले, तर ठेवणार कुठे? कुठलंही चलन देशाबाहेर चालतं की नाही, ते या दोन गोष्टींवर ठरतं. परक्याकडे ते येणार कुठून, आणि आलेलं तो ठेवणार कुठे. अर्थव्यवस्थेचा आकार लागतोच, पण तो उंबरठ्यापर्यंत नेतो. आत या दोन गोष्टी नेतात.

अमेरिकेचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची अर्थव्यवस्था ब्रिटनपेक्षा मोठी झाली होती. तरी न्यूयॉर्कचा व्यापारी ब्राझीलची कॉफी मागवायचा तेव्हा पैसे लंडनमार्गे, पौंडात. कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकांना परदेशात शाखा काढायची मुभाच नव्हती, आणि व्यापारी हुंड्यांचा, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायच्या कागदांचा, बाजार लंडनला होता, न्यूयॉर्कला नव्हता. हुंडी म्हटल्यावर आपल्या अमळनेर-धुळ्याच्या जुन्या पेढीवाल्यांना जास्त सांगावं लागत नाही. मुदती हुंडी एखाद्या नावाजलेल्या सराफाने सकारली, म्हणजे पैसे द्यायची हमी घेतली, की तिचं सोनं व्हायचं. मुदतीआधी पैसे हवे असले तर कुठेही वटवता यायची, थोडा वटाव कापून. लंडनच्या बँका जगभरच्या व्यापाऱ्यांसाठी नेमकं हेच करत होत्या. पौंडाची ताकद फक्त आरमारात नव्हती, त्या सकारलेल्या कागदात होती.

१९१३ साली अमेरिकेत फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. बँकांना परदेशी शाखा काढता यायला लागल्या, १९१४ मध्ये पहिली ब्युनोस आयरिसला निघाली. बँकांना व्यापारी हुंड्या सकारायची परवानगी मिळाली. पण सकारलेली हुंडी घेणार कोण? सुरुवातीला कुणी घेईना, तेव्हा खुद्द फेडरल रिझर्व्ह गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली आणि त्या हुंड्या विकत घेऊ लागली. बाजार नसला तर पहिला गिऱ्हाईक मध्यवर्ती बँकेने व्हायचं, हा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात महायुद्ध पेटलं, लंडन अडचणीत आलं, आणि १९२५ च्या आसपास डॉलर पौंडाच्या बरोबरीने उभा राहिला. म्हणजे घर मोठं झाल्यापासून नाणं चालायला लागेपर्यंत चाळीस-पन्नास वर्षं गेली, आणि मधे एक महायुद्ध लागलं.

जर्मनी आणि जपान यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांना हे नकोच होतं. १९७० च्या दशकात परके लोक मार्क साठवायला धावत होते आणि जर्मन मध्यवर्ती बँक त्यांना अडवत होती. मार्क महागला तर आपली यंत्रं कोण घेईल, ही भीती. जपानने १९८४ नंतर अमेरिकेच्या रेट्याने दारं किलकिली केली, पण जपानी कंपन्या अमेरिकेला गाड्या विकताना बिल डॉलरमध्येच काढत राहिल्या. जगाच्या परकीय गंगाजळीत येन दहा टक्क्यांच्या वर कधी गेलाच नाही. निर्यातीवर जगणाऱ्या देशाला चलन बाहेर चालवणं परवडेलच असं नाही, हे ध्यानात असू द्या.

चीन मात्र ठरवून उतरला. २००८ च्या मंदीत डॉलरची जगभर चणचण झाली. ज्या देशाकडे साडेतीन-चार लाख कोटी डॉलरची गंगाजळी जमा होणार होती त्यालाही कळलं, की आपला व्यापार दुसऱ्याच्या पाकिटावर चालतो. डिसेंबर २००८ पासून चीनने इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांशी चलन अदलाबदलीचे करार सुरू केले. अडचण आली तर तुमचं चलन आमच्याकडे ठेवा आणि युआन घेऊन जा. पहिला करार दक्षिण कोरियाशी. जुलै २००९ मध्ये शांघाय आणि ग्वांगडोंगमधल्या चार शहरांतल्या निवडक कंपन्यांना युआनमध्ये व्यापाराची परवानगी दिली. सगळ्या देशाला एकदम नाही. मग हाँगकाँग. तिथे युआनच्या ठेवी, युआनचे रोखे, युआनचा वेगळा दर. मुख्य भूमीचं दार बंद ठेवून ओट्यावर दुकान मांडलं असं समजा.

दुकान चाललंही जोरात. हाँगकाँगमधल्या युआन ठेवी २०१४ च्या अखेरीस सुमारे एक लाख कोटी युआनवर गेल्या. पण त्या का गेल्या ते बघा. २००५ पासून युआन डॉलरसमोर हळूहळू वधारत होता. ठेव ठेवायची, व्याज खायचं आणि वर दराचा फायदा. ११ ऑगस्ट २०१५ ला चीनने युआन एका दिवसात दोन टक्क्यांच्या आसपास उतरवला. दोन टक्के! आपल्याकडे एवढ्यावर चहाही गार होत नाही. पण तिथे पळापळ झाली. वधारणार म्हणून घेतलेलं चलन उतरतंय म्हटल्यावर कोण थांबेल? चीनने पैसा बाहेर जाण्यावर पुन्हा चाप लावला, गंगाजळीतले जवळपास एक लाख कोटी डॉलर दर सावरण्यात आणि गळतीत गेले, आणि २०१७ च्या सुरुवातीला हाँगकाँगच्या त्या ठेवी निम्म्यावर आलेल्या होत्या.

गंमत अशी, की कागदावरचे मोठे विजय याच काळातले. ऑक्टोबर २०१५ मध्ये चीनची स्वतःची आंतरराष्ट्रीय भरणा यंत्रणा सुरू झाली. १ ऑक्टोबर २०१६ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या निवडक चलनांच्या टोपलीत युआनला १०.९२ टक्के वजन मिळालं. मार्च २०१८ मध्ये शांघायला युआनमधला खनिज तेलाचा वायदा सुरू झाला, म्हणजे आपलं स्वतःचं बऱ्हाणपूर उभं करायचा प्रयत्न. तरी आज जगातल्या परकीय गंगाजळीत युआनचा वाटा दोन-अडीच टक्क्यांचा. जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार देश, आणि वाटा एवढा. व्यापारात युआन वाढलाय, विशेषतः २०२२ नंतर रशियाशी. पण साठवायला लोक कचरतात, कारण आत टाकलेला पैसा हवा तेव्हा बाहेर काढता येईल याची खात्री २०१५ ने घालवली. चलन चालवणं म्हणजे परक्याला आपल्या घराची किल्ली देणं. चीनला परका आत हवा होता, किल्ली मात्र स्वतःच्या करदोट्याला.

आता रुपयाकडे. पुष्कळांना माहीत नसतं, पण आपला रुपया एकेकाळी तुमच्या गिऱ्हाइकांच्याच गावात चालत होता. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे भारतीय रुपया. तिथून सोनं चोरून यायचं आणि रुपये बाहेर जायचे, ते परत आले की सरकारला पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ ला कुवेतने, १९६५ ला बहरीनने स्वतःचं चलन आणलं. ६ जून १९६६ ला आपण अवमूल्यन केलं, ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० ला गेला. बाकीच्यांच्या खिशातल्या रुपयाची किंमत एका रात्रीत एवढी उतरल्यावर त्यांनी काय करायचं? त्याच वर्षी कतार आणि दुबईकडच्या अमिरातींनी रुपया सोडला, ओमानने १९७० ला. अवमूल्यन आपल्या गरजेपोटी झालं असेल, पण ज्याने विश्वासाने आपला पैसा खिशात ठेवला होता त्याला ते विचारून झालं नव्हतं. दुबईतला एखादा म्हातारा व्यापारी ही गोष्ट अजून सांगतो.

त्यानंतरचे आपले अनुभव दोन प्रकारचे. पहिला इराणचा. २०१२ पासून अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणच्या तेलाचे काही पैसे आपल्याकडच्या बँकेत रुपयात जमा होत, आणि त्याच रुपयांतून इराण आपल्याकडून बासमती, चहा वगैरे घेई. छान चाललं. माझ्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने त्याच भरवशावर माल पाठवायला सुरुवात केली, मीच त्याला म्हटलं होतं की दराची कटकट नाही. मे २०१९ मध्ये इराणचं तेल घ्यायला अमेरिकेने दिलेली सूट संपली, आपण तेल घेणं थांबवलं. खात्यात भरणा बंद, उपसा चालू. झरा आटला आणि मोटर सुरू राहिली की आपल्या पट्ट्यातल्या विहिरीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्याच्या शेवटच्या दोन बिलांचे पैसे यायला वर्ष उलटलं. तो भेटला की अजून म्हणतो, "काय भो, दराची कटकट नव्हती ना?"

दुसरा अनुभव रशियाचा, आणि तो बरोबर उलटा. तिथे भरणा जास्त, उपसा नाही. २०२२ नंतर आपण रशियाचं तेल धो-धो घेतलं. २०२४-२५ मध्ये तिथून ६० अब्ज डॉलरहून जास्त आयात, आपली निर्यात पाच अब्जांच्या आतबाहेर. हे सगळं रुपयात केलं तर उरलेल्या रुपयांचं रशियाने करायचं काय? मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह उघडच म्हणाले, की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते आम्हाला वापरता यायला हवेत. विहीर काठोकाठ भरलेली, पण पाणी न्यायला शेतच नाही.

रुपयातल्या व्यापारासाठी रिझर्व्ह बँकेने जी चौकट केली ती ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाची. परदेशी बँकेने भारतातल्या बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडायचं. व्होस्ट्रो म्हणजे 'तुमचं खातं, आमच्याकडे'. आपला आयातदार त्यात रुपये भरणार, आपल्या निर्यातदाराला त्यातूनच रुपये मिळणार, आणि उरलेली शिल्लक सरकारी रोख्यांत गुंतवता येणार. सुरुवातीला प्रत्येक खात्याला रिझर्व्ह बँकेची आगाऊ मंजुरी लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये ती अट गेली, आणि त्याच महिन्यात सगळीच्या सगळी शिल्लक केंद्र सरकारच्या रोख्यांत घालायची मोकळीक मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपन्यांच्या रोख्यांचीही दारं उघडायचं जाहीर झालं. म्हणजे 'ठेवणार कुठे' या प्रश्नावर काम चाललंय, आणि बरं चाललंय.

'येणार कुठून' यावर त्याच ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट झाली, जिला वर्तमानपत्रांनी चार ओळी दिल्या. भूतान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या लोकांना व्यापारासाठी रुपयात कर्ज द्यायची आपल्या बँकांना परवानगी. माझ्या मते व्होस्ट्रो खात्यांपेक्षा हे पाऊल मोठं आहे. ज्याने रुपयात कर्ज घेतलं त्याला रुपया कमवावाच लागतो, म्हणून तो रुपयात बिल मागतो. सावकाराचं नाणं असंच चालतं. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, भूतानचा न्गुल्ट्रम एकास एक. सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती, जरा उशिरा झाली.

जाता जाता दोन गैरसमज. दुबईत यूपीआयने पैसे देता येतात म्हणून रुपया आंतरराष्ट्रीय झाला असं नाही. दुकानदाराच्या हातात दिरहमच पडतो, मधे कुणीतरी बदलून देतं. आणि व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी येणारं ब्रिक्सचं चलन अजून तरी व्हॉट्सॲपवरच आहे.

मग रिझर्व्ह बँक सगळी दारं सरळ उघडून का टाकत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. भांडवली खात्यावर रुपया पूर्ण परिवर्तनीय करण्याचा, म्हणजे गुंतवणूक-कर्जासाठीही तो हवा तेव्हा परकीय चलनात बदलता यावा असा, आराखडा तारापोर समितीने मे १९९७ मध्ये दिला. जुलैत थायलंडचा बाट कोसळला आणि अख्खा पूर्व आशिया पेटला. आराखडा कपाटात गेला. दुसरी आठवण माझी स्वतःची. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने नुसतं म्हटलं, की आम्ही रोखेखरेदी कमी करू, आणि परक्यांनी आपले रोखे विकायला काढले. मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला रुपया २८ ऑगस्टला ६८ च्या पार गेला. त्या दुपारी मी डेस्कवर होतो. एका यंत्रमाग कारखानदाराचं मशिनरीचं पेमेंट होतं, त्याने डॉलर 'उतरेल' म्हणून कव्हर घेतलं नव्हतं, म्हणजे दर आधी बांधून ठेवला नव्हता. सकाळपासून त्याचे अकरा फोन आले. बाराव्या फोनला त्याच्या बायकोने विचारलं, "साहेब, आज अजून किती वाढेल?" मी काय सांगणार? त्याच महिन्यात सोन्यावरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवर गेलं, जळगावच्या सराफ्यात महिनाभर चिडचिड होती. परक्याला रोखे देणं म्हणजे तो जाताना अशी दुपार येऊ शकते हे मान्य करणं. तरी दार हळूहळू उघडतंय. २०२० पासून काही सरकारी रोखे परक्यांना मर्यादेशिवाय खुले आहेत, आणि जून २०२४ पासून ते जेपी मॉर्गनच्या निर्देशांकात आले, ज्याच्याकडे बघून परदेशी फंड पैसा लावतात. मला हा वेग ठीक वाटतो. माझे मुंबईचे काही जुने सहकारी मला यावर भित्रा म्हणतात.

खरी अडचण नियमांत नाही, दरात आहे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पार गेला. ओमानच्या व्यापाऱ्याने रुपये का साठवावेत? रोख्यावर साडेसहा टक्के मिळतील, पण दर वर्षाला चार-पाच टक्के खाऊन जात असेल तर उरलं काय? आणि जरा मनाशी कबूल करा, डॉलर वाढला की आनंद तुम्हालाच होतो. निर्यातदारांना एकीकडे रुपया घसरायला हवा असतो, दुसरीकडे परक्याने तो छातीशी धरायला हवा असतो.

शिवाय बिल कुणाच्या चलनात निघेल हे मालावरही असतं. ज्याच्या मालाला पर्याय नाही तो आपल्या चलनात बिल फाडतो. जर्मन यंत्रवाल्याने मार्क मागितला तर घेणारा देत असे, कारण तसं यंत्र दुसरीकडे नव्हतं. तुमच्या केळीला दुबईत फिलिपिन्स आणि इक्वेडोरची केळी खेटून उभी असते. इक्वेडोर हा जगातला सगळ्यात मोठा केळी निर्यातदार, आणि त्याने २००० सालापासून स्वतःचं चलन सोडून डॉलरच आपलं चलन केलंय. तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या मजुराची मजुरीसुद्धा डॉलरमध्ये असते. जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते अजून पेटीवरचं लेबल आहे. त्या नावासाठी दुबईचा ग्राहक जास्त पैसे मोजेल तेव्हा बिलाच्या चलनावर बोलायला तोंड येईल.

म्हणून मी म्हणतो, आपल्याकडे रुपयाची पहिली खरी संधी निर्यातदाराच्या हातात नाही, आयातदाराच्या हातात आहे. भारत देश म्हणून मोठं गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाचं ऐकलं जातं. जुलै २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी स्थानिक चलनात व्यवहाराचा करार झाला, तेव्हा पहिला सौदा कशाचा होता? २५ किलो सोन्याचा, १२ कोटी ८४ लाख रुपयांना. आपल्या सराफ्यातल्या लोकांनी लगेच भागाकार केला: किलोला ५१ लाखांच्या वर, म्हणजे शुल्काआधीचा भाव, बरोबर. ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने दहा लाख पिंप तेलाचे पैसे अबूधाबीला रुपयात दिले. २०२४ च्या सुरुवातीला म्यानमारशी रुपया-क्यात व्यवहाराची सोय झाली, मुख्यतः डाळींसाठी. हे जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांच्या थेट कामाचं. तूर-उडीद घेताना रुपये द्यायचे. तिकडच्या व्यापाऱ्याला ते रुपये आपल्याकडची औषधं घ्यायला लागतात. इथे येणंही आहे आणि जाणंही. विहिरीला झराही आहे आणि पाळीवर शेतही.

आता तुमचा हिशेब. एका कंटेनरमध्ये १५४० पेट्या धरा, समजा पेटीला ८ डॉलर. बिल १२,३२० डॉलर. बँक डॉलर घेताना दरात २५ पैसे मारते असं धरलं तर तुमचे ३,०८० रुपये गेले. हेच तुम्हाला खुपतंय. पण तुम्ही दोन महिन्यांनी येणारे डॉलर आजच फॉरवर्डने, म्हणजे दर आज ठरवून आणि डॉलर नंतर देऊन, विकले तर प्रीमियम मिळतो, म्हणजे आजच्या दरापेक्षा थोडा वरचा दर. वर्षाला पावणेदोन टक्के धरला तरी ९० च्या दराने दोन महिन्यांचे २६ पैसे. म्हणजे गेलेलं परत आलं. आणि रुपयात बिल काढलं तर? खरेदीदार दराची जोखीम स्वतःवर घेणार आणि त्याबद्दल भावात किमान दोन टक्के कापणार. २४६ डॉलर, म्हणजे बावीस हजारांच्या वर. तीन हजार वाचवायला बावीस हजार. शिवाय जहाजाचं भाडं तुम्हाला डॉलरमध्येच भरायचंय.

तेव्हा बिल डॉलरमध्येच ठेवा. भाड्यापुरते डॉलर ईईएफसी खात्यात (निर्यातदाराला डॉलर डॉलरमध्येच ठेवता येतात ते खातं) राहू द्या, बाकीच्यातले निम्मे तरी फॉरवर्डने विकत जा. दर वर जाईल या आशेवर सगळं उघडं ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

रुपयाची हौस असेलच तर एक कंटेनर करून बघा, पण गिऱ्हाईक निवडून. असा दुबईवाला शोधा जो तुमची केळी घेतो आणि खजूर किंवा दुसरं काही भारतात विकतोही. त्याच्याकडे रुपये येतात, त्याला ते खर्चायला जागा हवी असते, तो तुमच्याशी दोन टक्क्यांचं भांडणार नाही. तसा सापडला तर त्याच्या बँकेचं नाव तेवढं मला कळवा. तिचं व्होस्ट्रो खातं इथल्या कुठल्या बँकेत आहे आणि त्यात शिल्लक किती असते ते आधी बघू, पेट्या मग भरू.